सीलबंद फुग्यावरचा डाग

१

शनिवारी सकाळी भावेश शेठने टेबलावर ठेवलेला फुगा आता फुगा म्हणायच्या लायकीचा राहिला नव्हता. आठ घड्या घालून ठेवलेलं ते दुधी रबर मधोमध तपकिरी पडलं होतं. जयश्रीताईंनी घडी उलगडायला घेतली, तर डागाच्या जागी रबर ओल्या गुळासारखं बोटाला चिकटलं.

"सील?" त्यांनी विचारलं.

"कापलेलं." भावेशने पत्र्याची पेटी पुढे सरकवली. कडीतून शिशाच्या सीलची तार दोन तुकड्यांत लोंबत होती. "बुधवारी पेटी बघायला गेलो, तर ही अवस्था. ताई, येत्या गुरुवारी पथक येतंय. चार देशांची माणसं. त्यांना मी काय हा चिखल दाखवू?"

जयश्री चुरी अठ्ठावीस वर्षं लष्करी मालाच्या तपासणीत होत्या. तंबू, दोर, रेनकोट, रबराचे बूट, सगळं ताणून, भिजवून, जाळून पाहिलेलं. निवृत्त झाल्यावर डहाणूजवळ आगरला येऊन चिकूची वाडी बघायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण चिकू भांडत नाहीत आणि खोटंही बोलत नाहीत, त्यामुळे वर्षभरात त्यांना कंटाळा आला. म्हणूनच भावेशचा फोन आल्यावर त्या स्कूटर काढून तासाभरात तलासरीच्या अलीकडच्या त्याच्या कारखान्यात हजर झाल्या होत्या.

कारखाना तीन पिढ्यांचा. आजवर वाढदिवसाचे आणि जत्रेतले फुगे करणारा. चार वर्षांपूर्वी भावेशने हिंमत केली आणि हवामानाचे मोठे फुगे करायला घेतले. तोफ डागण्याआधी वर आभाळात वारा कसा आहे ते कळावं लागतं, नाहीतर गोळा भलतीकडे जातो. म्हणून यंत्र बांधून फुगा वर सोडतात. भारत, नेपाळ, भूतान आणि श्रीलंका हे फुगे इतकी वर्षं आपापले, दूरच्या देशांतून आणि चढ्या भावाने घेत होते. मग चौघांनी मिळून ठरवलं की एकत्र घ्यायचे: एकच मागणी, एकच माप, आणि एकच मंजूर नमुना. नमुन्याचे पाच फुगे फेब्रुवारीत सर्वांसमोर निवडले गेले. चार त्या-त्या देशांत गेले आणि पाचवा इथे, कारखान्याच्या गोडाऊनमध्ये सील होऊन राहिला. पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून बघायचा होता.

"काठमांडू, थिंपू, कोलंबो, दिल्ली, सगळीकडे मेल टाकले," भावेश म्हणाला. "त्यांचे चारही फुगे ठणठणीत. म्हणजे आमचं रबर चांगलं आहे. हा घातपात आहे, ताई."

जयश्रीताईंनी बोटाचा चिकटा पुसला. "हे तांब्याचं काम आहे. तांबं रबराला खातं."

"मी तेच म्हणतो!" भावेश लगेच म्हणाला. "म्हणून तर गेटवर पाटी लावलीय. तांबं-पितळ आत आणायचं नाही. बायका बांगड्यासुद्धा थाळीत काढून ठेवतात. आणि तांबं कुणाकडे होतं, तेही सांगतो."

त्याने खणातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत तांब्याची अंगठी होती.

"आमची झाडूवाली. वेवजीची शुक्री. डाग बघा, मधे भोक असलेला गोल आहे. पोलिसांना सांगितलंय, त्यांनीच अंगठी काढून तपासणीसाठी माझ्याकडे दिली. तुम्ही फक्त तांत्रिक अहवाल लिहून द्या."

२

वेवजीच्या पाड्यावर शुक्री अंगणात भात झोडपत होती. जयश्रीताईंची स्कूटर बघून ती थांबली नाही. पेंढा आपटतच म्हणाली, "अजून कोण राहिलाय यायचा?"

"मी पोलीस नाही. फुगा बघायला आलेय."

"फुगा!" शुक्रीने पेंढा टाकला. "बुधवारी सांजचे जीप आली. सगला पाडा बाहेर. तो शिपाई मोठ्यानं बोलला, लष्कराचा माल नासवलास, देशाचा माल नासवलास. माझी अंगठी काढून नेली. बाई, मना त्या फुग्याचा काय काम?"

"अंगठी आत नेत होतीस?"

"रोज गेटवर थालीत ठेवते. त्या वॉचमनला विचार."

"गोडाऊनमध्ये कधीपासून जातेस?"

"नवरात्रात कामाला लागले. झाडू मारते, पेट्या पुसते. त्या सीलवाल्या पेटीला हात नाय लावला. हरिश्चंद्रकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता, हिला हात लावू नको."

मागे दारात एक मुलगी उभी होती. शुक्रीने तिच्याकडे मानेने दाखवलं. "ही माझी तुळशी. हिची सोयरीक ठरली होती, याच पाड्यात, हिरूच्या घरी. जीप गेली तशी हिरू आली. बोलली, आमच्या घरावर जीप नाय यायला पायजे. तीन दिवस झाले, हिरू माझ्याकडं बघत पण नाय. काम गेला तर दुसरा मिलेल, बाई. हे कुठून मिलेल?"

तुळशी आत निघून गेली. नोकरीत असताना जयश्रीताईंनी शेकडो लोकांचा माल नापास केला होता, पण माणसाला नापास करणारा कागद कधी लिहिला नव्हता. आता भावेशला तोच हवा होता.

"नवरात्रात लागलीस, नक्की?"

"दुसऱ्या माळेला. हजेरीच्या वहीत अंगठा हय माझा."

म्हणजे जेमतेम सहा आठवडे. जयश्रीताईंनी मनातल्या मनात फुग्याच्या घड्या मोजल्या, आणि स्कूटर पुन्हा तलासरीच्या दिशेने वळवली.

३

स्टोअरकीपर हरिश्चंद्र राऊत एकतीस वर्षं त्या कारखान्यात होते. गोडाऊनच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे, आणि आत जाणाऱ्याच्या हाताकडे बघायची त्यांना सवयच जडली होती.

"पेटी बंद केली तेव्हा कोण होतं?" जयश्रीताईंनी विचारलं.

"पाहुणे होते चार. शेठ, मी आणि दीपेश. फुगा निवडला, पावडर लावली, घडी घातली. पाहुण्यांनी सह्या केल्या. मग सगळे बाहेर चहाला गेले. शेठनी झाकण लावलं आणि पाहुण्यांच्या माणसाने येऊन सील ठोकलं."

"त्यानंतर पेटी कुणी उघडली?"

"कुणाची बिशाद! मी रोज सील बघायचो. मंगळवारी संध्याकाळी कुलूप लावलं तेव्हा शाबूत होतं. बुधवारी मी जरा उशिरा आलो, तर शेठ आधीच आत. म्हणाले, काका, घात झाला."

"आणि शुक्री बुधवारी किती वाजता आली?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "ती बुधवारी आलीच नाही. भातकापणीची सुट्टी. मी शेठना सांगितलं होतं. ते म्हणाले, मंगळवारी रात्री आली असेल. आता मालकापुढे मी काय बोलणार, ताई? पोरगं कॉलेजात आहे."

जयश्रीताईंना त्यांचा राग आला. नंतर थोडी दयाही आली, पण राग जास्त होता.

दीपेश हा उत्पादन बघणारा. तरुण, चुणचुणीत, आणि घामाघूम. तो वापीच्या एका कारखान्यात मुलाखत देऊन आल्याची कुणकुण हरिश्चंद्रकाकांना होती, आणि ती त्यांनी न विचारता सांगूनही टाकली होती.

"दिली मुलाखत. गुन्हा आहे का?" दीपेश चिडला. "पण तो वापीवाला याच टेंडरमध्ये दुसरा आला होता, म्हणून मी ते कुणाला बोललो नाही. उद्या काही झालं तर माझ्यावरच येणार, माहीत होतं मला."

बोलता बोलता त्याने खिशातून रुमाल काढला, तशी रुमालाबरोबर एक चकती खाली पडून खणखणली. जयश्रीताईंनी ती उचलली. पितळी वॉशर. मधे भोक.

"गॅसच्या व्हॉल्व्हचा आहे," दीपेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "टेस्टिंगची जागा बाहेर आहे, ताई. मी हा आत कधी नेत नाही."

पितळ म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच. जयश्रीताई ऑफिसात गेल्या आणि वॉशर फुग्यावरच्या डागावर अलगद ठेवला. तो काठाला काठ लावून बसला.

४

आधी त्यांनी शुक्रीची अंगठी निकालात काढली. त्याला फार वेळ लागला नाही. अंगठी म्हणजे बारीक कडं. तिचा डाग पडला असता तर रेघेसारखा, आणि मधली जागा बोटभर मोकळी. इथे उलटं होतं. डाग जाड, आणि मधलं भोक इतकं लहान की त्यात लहान मुलाची करंगळी अडकली असती.

दुसरी गोष्ट घड्यांची. वरच्या घडीवर डाग पूर्ण, खालच्या घड्यांवर फिका होत होत आठव्या घडीपर्यंत उतरलेला. नोकरीत असताना एका रेनकोटाच्या पितळी भोकाने शेजारची घडी खाल्लेली त्यांनी बघितली होती. त्याला एक अख्खा उन्हाळा लागला होता. इथे आठ घड्या होत्या. सहा आठवड्यांत, तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हे होणं शक्य नव्हतं. हा डाग एप्रिल-मेच्या तापलेल्या पत्र्याखाली शिजला होता. तेव्हा शुक्रीने कारखान्याचं गेटसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

म्हणजे वस्तू फेब्रुवारीतच, सील ठोकायच्या आधी आत गेली होती. तेव्हा तिथे दीपेश होता, आणि त्याचा वॉशर मापाला बसत होता.

त्यांनी भिंग काढलं. खिडकीशी जाऊन डाग तिरक्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. वॉशर दोन्ही बाजूंनी सपाट असतो. हा डाग सपाट नव्हता. भोकाभोवती काहीतरी उमटलं होतं, जागोजागी जास्त खोल. बारीक पानं. एकामागे एक, गोल फिरलेली पानांची वेल.

जयश्रीताईंनी भिंग खाली ठेवलं. ही वेल त्यांनी लहानपणी पाहिली होती, धाकट्या भावाच्या करगोट्यात. इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतला भोकाचा पैसा.

दीपेशला बोलावून त्यांनी वॉशर परत दिला. "जा, कामाला लाग. आणि वापीला जायचं असेल तर सांगून जा."

मग त्या पुन्हा गोडाऊनच्या खुर्चीपाशी गेल्या. "काका, या कारखान्यात भोकाचा पैसा कुणाकडे असतो?"

हरिश्चंद्रकाका हसले. "मोठ्या बाईंकडे. शेठच्या आईकडे. मोठ्या शेठपासूनची पद्धत आहे, नवी ऑर्डर निघाली की पहिल्या खोक्यात एक पैसा ठेवायचा. गाडी भरली की काढून घ्यायचा. आम्ही तीस वर्षं—"

आणि ते तिथेच थांबले. त्यांची नजर आत, सीलची पेटी ठेवायच्या जागेकडे गेली.

५

डहाणूला मसोलीच्या घरात कुसुमबाई पूजा आटोपून बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण तोंड आणि नजर दोन्ही शाबूत.

"या जयश्रीबेन! भावेश सांगत होता, तुम्ही मदतीला आलात. बरं केलंत. त्या बाईने पोराच्या तोंडचा घास पळवला हो."

"मोठ्या बाई, तुमचे भोकाचे पैसे बघायला आले. काका सांगत होते."

म्हातारी खुलली. देवघरातून तिने चांदीची डबी आणली. "सासूबाईंचे. अकरा होते. प्रत्येक ऑर्डरला एक जातो, गाडी सुटली की परत येतो. एकही हरवला नाही, आणि एकही माल परत आला नाही! दिवाळीच्या फुग्यांना, निवडणुकीच्या फुग्यांना, सगळ्यांना."

"या लष्कराच्या फुग्यांनाही?"

"दिला ना. पहिलाच तो नमुन्याचा होता. मी भावेशला म्हटलं, एवढे चार देशांचे लोक येतात, त्यात नाही ठेवायचा तर कशात? तो आधी नाही म्हणत होता. आई, पेटी सील होणार आहे, म्हणे. मी म्हटलं, असू दे, काम पुरं झालं की उघडशील ना? मग ठेव. माझं ऐकलं त्याने. सगळे चहाला गेले तेव्हा ठेवला, कुणाला कळलंही नाही."

जयश्रीताईंना सगळं एकदम समोर दिसलं. जत्रेच्या फुग्यांत पैसा दोन दिवस राहायचा. दोन दिवसांत तांबं रबराचं काय वाकडं करणार? म्हणून गेटवर तांब्याची पाटी लावणाऱ्या माणसाला घरच्या पैशाची कधी शंकाच आली नव्हती. भावेशच्या हिशेबी तो पैसा तांब्याचा नव्हताच, आईचा होता. आणि हा फुगा दोन दिवसांचा नव्हता. तो पैशाखाली नऊ महिने पडून राहिला.

"आता कुठे आहे तो?"

"हा काय." कुसुमबाईंनी डबीतून एक पैसा काढला. "बुधवारी आणून दिला. मी म्हटलं, गाडी तर अजून सुटली नाही. म्हणाला, झालं काम, ठेवून दे. बघा ना, कसलं काळं लागलंय याला. चिंचेने घासलं तरी निघत नाही."

वेलीच्या बाजूला वाळलेलं रबर पानापानांत घट्ट बसलं होतं.

"मोठ्या बाई, हा दोन दिवस माझ्याकडे देता?"

"न्या. पण परत आणा हं, जयश्रीबेन. मोजलेले आहेत."

६

मंगळवारी सकाळी जयश्रीताईंनी भावेशच्या टेबलावर पैसा ठेवला, शेजारी फुगा, आणि शेजारी शुक्रीची अंगठी. भावेशने पैसा उलटा करून वेलीत वाळलेलं रबर बघितलं.

"आईला काही बोललात?"

"नाही."

"मी पेटी उघडली तेव्हा माझी पाचावर धारण बसली, ताई. बुधवारी सकाळी, पथकाच्या आधी पैसा गुपचूप काढून घ्यावा आणि नवीन सील मागवावं म्हणून मीच तार कापली. आत बघतो तर हे." त्याने कपाळ चोळलं. "कराराचं कलम चौदा तुम्हाला माहीतच असेल. नमुना कारखान्याच्या चुकीने बिघडला तर मागणी दुसऱ्या नंबरच्याला. घातपात झाला असेल तर कोलंबोचा नमुना इथे आणून काम पुढे चालू. दीडशे बायका आहेत माझ्याकडे. दीडशे! त्यांच्यासाठी मी—"

"त्यांच्यासाठी तुम्ही त्यांच्यातलीच एक पोलिसांच्या तोंडी दिलीत."

"तिला मी नंतर सोडवलं असतं. पुरावा कुठे टिकणार होता?"

"नऊ महिन्यांच्या डागाला सहा आठवड्यांची बाई धरलीत. टिकला नसताच. पण तिच्या मुलीची सोयरीकही टिकली नाही, ते कळलंय का तुम्हाला?"

भावेशला ते माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसलं, आणि जयश्रीताईंचा आवाज किंचित खाली आला. किंचितच.

त्यांनी कराराची प्रत त्याच्यापुढे उघडली. "कलम चौदा तुम्ही दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलंत. खाली या. पथक बसायच्या आधी पुरवठादाराने आपली चूक स्वतः लेखी कळवली, तर शेजारी देशाचा नमुना मागवून एक संधी देता येईल. 'येईल' असं आहे, 'देतील' असं नाही. चारही देशांनी हो म्हणायला हवं. पण ही संधी आहे. खोटं सापडलं तर तीही नाही, आणि पुन्हा कुठल्याच देशात दारात उभं करणार नाहीत."

भावेशने ती ओळ दोनदा वाचली. मग खणातून कोरा कागद काढला. लिहायला लागला.

"माझा अहवाल यासोबत जाईल," जयश्रीताई म्हणाल्या. "डाग कशाचा, कधीचा, आणि कुणाचा नाही, एवढंच. आणि तक्रार मागे घ्या."

"फोन करतो आत्ताच. शुक्रीला पण निरोप पाठवतो, उद्यापासून ये म्हणून. पगार कापणार नाही."

"निरोप?" जयश्रीताई उठल्या. "जीप पाठवताना निरोप पाठवला होता का?"

७

बुधवारी दुपारी भावेशची गाडी वेवजीच्या पाड्यावर थांबली. मागून जयश्रीताईंची स्कूटर. शुक्रीला त्यांनी सकाळीच कळवलं होतं, आणि शुक्रीने पाड्याला. भात झोडपायचं सोडून माणसं झाडाखाली जमली होती. म्हातारा लडक्या पुढे खाटेवर बसला होता. पाड्यातला कुठलाही तंटा शेवटी त्याच्यापुढेच यायचा.

भावेशने अंगठी शुक्रीच्या हातात दिली. तिने ती बोटात घातली नाही, मुठीत धरली.

"फुगा शुक्रीने बिघडवला नाही," भावेश म्हणाला. "पेटीत तांब्याचा पैसा मी ठेवला होता. त्याच्यामुळे फुगा गेला. मला ते गेल्या बुधवारीच कळलं होतं."

"कळला होता, तरी जीप पाठवली?" लडक्याने विचारलं.

"हो."

"का?"

भावेशने दीडशे बायकांचं काही सांगितलं नाही. "भ्यालो होतो," तो म्हणाला.

उद्या चार देशांची माणसं काय ठरवतील, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, भावेशला तर नाहीच. कारखाना राहील की वापीचा माणूस फुगे करील, याचा फैसला अजून व्हायचा होता. जयश्रीताईंना त्याची काळजी वाटत होती. त्या दीडशे बायकांत या पाड्यातल्याही नऊ-दहा होत्या. पण त्या बायका भावेशकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर शुक्रीवर होती.

भावेश गाडीकडे वळला, तसं शुक्रीने त्याला हाक मारली.

"शेठ."

तो थांबला.

"जीपवाला मोठ्यानं बोलला होता. तुमचा आवाज लय बारीक हय." तिने गर्दीच्या शेवटाकडे हात केला. तिथे एक बाई पदर डोक्यावर ओढून, अर्धी पाठ फिरवून उभी होती. "ती हिरू हय. तिला ऐकू आला नाय. परत बोला."

भावेश परत झाडाखाली आला. घसा साफ केला आणि पहिल्यापासून, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं, पुन्हा सांगितलं.

हिरूने पदर मागे घेतला आणि गर्दीतून वाट काढत पुढे यायला लागली.